‘माउस’नंतरची पानं

चित्रकथा म्हणजे पोरखेळ, हा समज आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ने खोडून काढला. नाझी छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची ही हकिगत. ज्यू उंदीर, नाझी मांजरं. १९९२ मध्ये तिला विशेष पुलित्झर मिळालं. पण त्याआधीच, १९९१ च्या दुसऱ्या खंडात, उंदराचा मुखवटा चढवलेला चित्रकार टेबलाशी बसलाय आणि खाली प्रेतांचा खच. पहिल्या भागाचं यश मानगुटीवर बसलं होतं. २००४ च्या पुस्तकात त्यांनी न्यूयॉर्कचे कोसळते मनोरे रेखाटले. २०११ च्या ‘मेटामाउस’मध्ये मात्र पुन्हा ‘उंदीरच का?’ याचंच उत्तर देत बसावं लागलं. वाचक जुन्या पुस्तकावरच सही मागतो. म्हणून या अंकातल्या चित्रकथाकारांना आम्ही आधी नव्या कामाबद्दल विचारलं आहे.