काडी कुठली, नाव कुठलं
शिवारफेरी

ऑगस्ट संपत आला की जालन्यातल्या कडवंची, नंदापूर, धारकल्याणच्या शिवारात द्राक्षाची कलमं बांधणाऱ्या टोळ्या फिरू लागतात. पावसाळ्यात डॉगरिज जातीच्या खुंटाने जोर धरलेला असतो. त्याला चीर द्यायची, वर हव्या त्या जातीची काडी पाचर करून बसवायची, पट्टी घट्ट गुंडाळायची आणि पुढच्या खुंटाकडे सरकायचं. काडी कुठून आणली, हे विचारायची पद्धत नाही. विचारलंच तर उत्तर मिळतं, ‘पाहुण्याच्या बागेतली हाये.’ जात कोणती? ‘सोनाकाच हाये की.’ पाहुण्याने ती कुणाकडून आणली होती, हा प्रश्न तर पाहुण्याचा अपमान ठरतो.

या सवयीबद्दल लिहिण्याआधी जरा लांबचा फेरा मारतो. स्पेनपर्यंतचा.

तिथलं टेम्प्रानियो हे काळं वाइनचं द्राक्ष. ते लवकर पिकतं, म्हणून हे नाव. पण हे नाव प्रामुख्याने रिओहा भागातलं. दुएरो नदीच्या खोऱ्यात त्यालाच टिंटो फिनो म्हणतात, ला मांचाच्या पठारावर सेन्सिबेल, तोरो गावाच्या आसपास टिंटा दे तोरो आणि कॅटलान मुलखात उल दे येब्रे, म्हणजे सशाचा डोळा. सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये गेलं की आणखी दोन नावं. गार्नाचाचंही तसंच. फ्रान्समध्ये ते ग्रेनाश, सार्डिनिया बेटावर कानोनाउ. आपल्याकडे सुला वायनरीने ‘सोर्स’ मालिकेत रोझे वाइन काढली, ती याच ग्रेनाशची. टेम्प्रानियोही दिंडोरीच्या चारोसा वायनरीच्या बाटलीतून मराठी मातीत आलं. गार्नाचाचा एक भाऊबंद आहे, गार्नाचा पेलुदा. पान उलटं करून बोट फिरवलं की खालच्या अंगाला दाट लव लागते. शेजारच्या साध्या गार्नाचाचं पान तिथे गुळगुळीत. बाकी वेल तोच, घड तोच. तिथल्या माणसांनी तेवढ्यावरून ‘केसाळ’ म्हणून वेगळं नाव दिलं.

एवढा नावांचा बाजार बघून आपल्याला वाटतं, काय हा गोंधळ! मला तसं वाटत नाही. एका द्राक्षाला दहा नावं असली तर कुणाचं काही बिघडत नाही. दुएरोच्या शेतकऱ्याला टिंटो फिनो म्हणजे काय ते नेमकं ठाऊक असतं. एका नावाखाली दुसरंच द्राक्ष विकलं गेलं की मात्र माणूस बुडतो.

ऑस्ट्रेलियात असंच झालं. वायव्य स्पेनच्या गॅलिशियातलं अल्बारिन्यो हे पांढरं द्राक्ष तिथल्या बागायतदारांना हवं होतं. काडी काही रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून आली नव्हती. ती स्पेनच्या अधिकृत जातिसंग्रहातून, ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेमार्फत आली. बागा वाढल्या, बाटल्यांवर अल्बारिन्यो छापलं गेलं, लोकांनी चवीने प्यायलं. मग एका फ्रेंच तज्ज्ञाने वेल बघून शंका काढली आणि २००९ साली डीएनए तपासणीने शिक्कामोर्तब केलं: हे अल्बारिन्यो नव्हेच, हे फ्रान्सच्या जुरा भागातलं साव्हान्यँ. चूक मुळात संग्रहातच झालेली. वेल जोमदार, वाइन उत्तम, आणि बाटलीवरचं नाव खोटं. शेतकऱ्याने जाहिरातीवर केलेला खर्च पाण्यात.

सरकारी संग्रहातून कागदोपत्री आलेल्या काडीची ही गत, तर पाहुण्याच्या बागेतल्या काडीचं काय घेऊन बसलात?

आता आपल्या घरची नावं बघा. आपलं जालना खाण्याच्या द्राक्षाचं. द्राक्ष या भागात जुनंच; प्रवासी इब्न बतूताने चौदाव्या शतकात दौलताबादच्या द्राक्षांचं कौतुक केलं होतं, वर्षातून दोनदा येतात म्हणून. नंतरच्या काळातल्या भोकरी, फकडी, साहेबी, हबशी या नावांना मराठी तोंडाची चव होती. ती बियांची द्राक्षं बाजारातून गेली, नावंही गेली. त्यांच्या जागी आलं थॉमसन सीडलेस. थॉमसन हा कॅलिफोर्नियातला बागायतदार. द्राक्ष मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पश्चिम आणि मध्य आशियात किशमिश, सुलताना म्हणून नांदत होतं. ज्याने नेलं आणि विकलं, त्याचं नाव लागलं.

पण थॉमसन महाराष्ट्रात आल्यावर गंमत झाली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना आपल्या बागेत वेगळा वेल दिसला, त्यातून तास-ए-गणेश आली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी लांब मण्याचा वेल निवडला. सोलापूर, नान्नज आणि काळे यांची पहिली अक्षरं जोडून सोनाका. पुढे त्यांनीच किशमिश चोर्नी या जातीतून काळं शरद सीडलेस काढलं, नाव शरद पवारांवरून. स्पेनमध्ये नावात गाव, डोळा, केस, हंगाम. आपल्याकडे नावात माणूस. त्यात मला कमीपणा दिसत नाही. उलट निवडणाऱ्या शेतकऱ्याचं नाव त्याच्या फळावर राहतं, हे फार कमी देशांत घडलं असेल.

अडचण पुढे आहे. सोनाका, तास-ए-गणेश ही थॉमसनमध्ये आपोआप झालेल्या बदलांतून निवडलेली भावंडं. साव्हान्यँ आणि अल्बारिन्यो या दोन वेगळ्या जाती, म्हणून प्रयोगशाळेत चूक पकडली गेली. थॉमसन आणि सोनाका यांचं पान नेहमीच्या डीएनए तपासणीला दिलं, तर दोघांचा निकाल एकच येतो. म्हणजे ‘लॅबमध्ये तपासून घेऊ’ हा हल्ली सगळ्यांना सुचणारा उपाय इथे पांगळा आहे. काडी खरंच सोनाकाची आहे का, हे सांगणारा पुरावा एकच: ती कोणत्या वेलावरून आली याची लेखी साखळी. ती नसेल तर फळ येईपर्यंत थांबायचं. ऑगस्टमधल्या कलमाला विश्वासाचा पहिला माल यायला पुढचा ऑक्टोबर ओलांडून फेब्रुवारी उजाडतो. तोवर मंडपाला, ठिबकला, फवारणीला लाखांत पैसे गेलेले असतात. मग मणी आखूड निघाला की व्यापारी पेटी बघून भाव पाडतो, आणि काडी देणारा सांगतो, ‘तुमचीच फुगवण कमी पडली.’ जिब्रेलिकची मात्रा, विरळणी, पाणी, हवामान, सगळ्यांवर खापर फुटतं. काडीवर कधीच नाही.

स्पेनने यावर काय केलं? १९८८ मध्ये रिओहातल्या एका बागेत काळ्या टेम्प्रानियोच्या वेलाला एकाच फांदीवर पांढरे घड लागलेले दिसले. नान्नजच्या गोष्टीसारखीच गोष्ट. फरक पुढच्या कामात. त्या फांदीपासून संशोधकांनी रोपं केली, वर्षानुवर्षं पारखली, आणि रिओहाच्या वाइनसाठी टेम्प्रानियो ब्लांकोला मान्यता मिळाली ती २००७ च्या सुमारास. जवळपास वीस वर्षं. आपल्याकडे वेगळी फांदी दिसली की दुसऱ्या हंगामात तिच्या काड्या विकायला येतात, सोबत एखादं भारदस्त इंग्रजी नाव.

कायदा नाही असंही नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला स्वतः निवडलेली जात नोंदवता येते. नुसत्या आकड्यांचं नाव चालत नाही. नोंदलेल्या जातीचं लागवड साहित्य विकताना तिच्याकडून काय मिळेल हे पैदासकाराने सांगायचं असतं, आणि तसं मिळालं नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. पाहुण्याच्या काडीला यातलं काही लागू नाही.

कडवंचीबद्दल मला यात जास्त अपेक्षा आहे, कारण हे गाव नोंदी ठेवण्यात मुरलेलं आहे. १९९०च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात विजयअण्णा बोराडे यांची मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था आणि गावकऱ्यांनी माथा ते पायथा काम केलं, तेव्हा बांध, उतार, विहिरींची पातळी, सगळं कागदावर उतरत होतं. त्या पाण्यावर आणि मग शेततळ्यांवर द्राक्ष उभं राहिलं. ज्या गावाने विहिरीतलं पाणी मोजलं, त्याला वेलांच्या वंशावळीची एक वही जड नाही. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आवारात प्रत्येक जातीच्या दोन-दोन ओळी मातृवेल म्हणून लावाव्यात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून किंवा मूळ निवडकर्त्यांच्या बागेतून, पावतीसह आणलेल्या. जालन्यात कलम भरायचं ते तिथल्या काडीने.

हे व्हायला चार-पाच वर्षं जातील. तोवर या हंगामासाठी एवढंच: काडी घेताना साध्या कागदावर जातीचं नाव, मातृबागेचं गाव आणि गट नंबर, तारीख आणि देणाऱ्याची सही घ्या. ज्या वेलावरून काडी घ्यायची, त्याला फळ असताना मार्चमध्येच जाऊन बघा आणि ओलांड्याला रंगाचा पट्टा मारून या. पाहुणा रागावला तर त्याच्या बागेला कलम कुठून भरलं होतं, तेही विचारा. त्यालाही ते कधी कुणी सांगितलेलं नसण्याचीच शक्यता जास्त.

— शिवारकर