यादी फायनल, यादी नवी फायनल

चौघांनी मिळून वापरायचा फोल्डर उघडावा, मग तो ग्रामपंचायतीचा असो, शाळेचा असो की पतसंस्थेचा. आत 'यादी', 'यादी नवीन', 'यादी फायनल', 'यादी फायनल २' आणि हमखास एक 'साहेबांची' असते. कोणते साहेब? त्यांची बदली होऊनही दोन साहेब झालेले असतात. फाइलला नाव देणारा ते आपल्या सोयीने देतो. ती शोधायची वेळ येते त्याच्या जागी आलेल्यावर.

आमचा गंगापूर तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरांसाठी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. संस्थान गेलं, लिपी वाचणारे विरळ झाले. पण कागदावर गाव आणि फसली साल असलं की माग लागतो. फसली सालात ५९० मिळवा, इसवी सन साधारण हाती येतो. ती दप्तरं लिहिणाऱ्या कारकुनानं नुसतं 'नवीन' लिहून ठेवलं असतं तर?

महसूल खात्याचं हे शहाणपण आजही चालू आहे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, आठ-अ म्हणजे खातं. आकड्यात अर्थ काही नाही, पण तो सगळ्यांनी एकच मानलेला आहे. म्हणून शाळेची पायरी न चढलेला शेतकरीही 'सातबारा' बरोबर मागतो.

नाव बदलतं, हेही आपण पाहिलं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. आता एकाच कामाच्या फाइली दोन नावांखाली. त्यात कोणी 'संभाजी नगर' असं तोडून लिहितं, कोणी गंगापूरचा पू ऱ्हस्व काढतं. गाड्यांवरचा 'एमएच २०' मात्र जागचा हलला नाही. फाइलच्या नावात गावाचा शासकीय संकेतांक आधी घालावा, असं मी म्हणतो ते यासाठीच.

तारखेचं दुखणं वेगळं. महिन्यांची नावं अक्षरी लिहिली की संगणक एप्रिलमागून ऑक्टोबर, मग ऑगस्ट, मग जानेवारी लावतो. आधी साल, मग महिना, मग दिवस, आणि महिना दोन अंकी: २०२५-०४-०९. जगानं आयएसओ ८६०१ या नावानं हाच क्रम १९८८ मध्ये ठरवला. आणखी एक खोच: 'शेतकऱ्यांची' हा शब्द दोन कळफलकांवर दोन तऱ्हांनी उमटतो. डोळ्यांना सारखा, यंत्राला वेगळा. मग समोर असलेली फाइल शोधूनही सापडत नाही. अशा ठिकाणी आकड्यांवर भिस्त ठेवलेली बरी.

'सगळं माझ्या डोक्यात आहे' म्हणणारा एकजण प्रत्येक कार्यालयात असतो. त्याच्या रजेच्या दिवशी लेखापरीक्षक येतात.

जुन्या फाइलींची नावं घाऊक बदलायला मात्र माझा विरोध आहे. कुठल्या तरी पत्रात, कुठल्या तरी तक्त्यात त्या नावाचा हवाला दिलेला असतो, तो तुटतो. जुन्या तशाच राहू द्याव्यात. नव्या आर्थिक वर्षाचा फोल्डर उघडताना नियमांचं एक पान त्यात सर्वांत वर ठेवावं, आणि 'फायनल' हा शब्द वापरायला बंदी घालावी. साहेबांनासुद्धा.