हत्यारे मिळाली, गाळ्याचे काय?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत नाभिक आहेत. हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. पुढचे १ लाख आणि २ लाख मात्र ५ टक्के व्याजाचे कर्जच. राजुरीसारख्या गावात कात्री-मशीनपेक्षा जड जातो तो गाळा: अनामत, भाडे, खुर्ची, वीज. २०२०च्या टाळेबंदीत धंदा बंद होता, हत्यारे होतीच; म्हणजे अडचण हत्यारांची नव्हती. गाळ्यासाठी रोख अनुदान दिले तर ते भलतीकडे जाते, हा आक्षेप खोटा नाही. पण ठरावीक कामालाच चालणारे व्हाउचर हे त्यावरचे सरकारचेच उत्तर आहे. तीच पद्धत अनामतीला का नको? गावात योजनेच्या अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायत करतेच. तिने स्वतःचे गाळे असतील तर एखादा नाभिक व्यावसायिकाला सवलतीच्या भाड्याने द्यावा.