बंदी शेरडांवर, मग बोअरवर का नाही?

येत्या ग्रामसभेत आमच्या गावात चराईबंदीचा ठराव येतोय. वरच्या डोंगरावर सलग समतल चर खोदून झालेत, खाली दोन माती नालाबांध झालेत, आता झाडं लावायचीत. म्हणून शेरडं-मेंढरं डोंगरावर बंद, सापडली तर दंड. बागायतदारांचा पाठिंबा आहे. मी पण बागायतदारच, माझी विहीर बांधाच्या खालच्याच अंगाला आहे. तरी मी ठरावाच्या विरोधात बोलणार आहे. का ते आधीच लिहून ठेवतो, सभेत दोन मिनिटांच्या वर कोण बोलू देतंय?

मोकाट चराई चालू द्या असं माझं म्हणणं नाही. कोवळ्या रोपाचा शेंडा शेरडू खातं, खरंय. बारमाही चरलेल्या माळावर कुसळीशिवाय काही उरत नाही हेही आपण बघतो. राळेगणसिद्धी, हिवरेबाजारला चराईबंदीनंतर डोंगर हिरवे झाले. पण त्यांचं नाव घेताय तर आदर्श गावाची सप्तसूत्री पुरती वाचा की! त्यात चराईबंदीसोबत बोअरवेलबंदी पण आहे. हिवरेबाजारात शेतीला बोअर घेत नाहीत, ऊस-केळी लावत नाहीत. आमच्या ठरावात बोअरचा ब सुद्धा नाही. गेल्या उन्हाळ्यात बांधाखाली तीन नवे बोअर पडले, त्यातला एक माझ्या चुलत्याचा. म्हणजे सात सूत्रांतलं आम्ही नेमकं तेवढंच उचललं, ज्याची झळ सातबारा नसलेल्याला बसते.

हिशेब मांडू. डोंगर गावाचा, श्रमदान सगळ्यांचं. चर खोदायला भूमिहीनांच्या घरची माणसं आमच्यापेक्षा जास्त होती, आमच्यातले बरेच फोटोपुरते. पाणी मात्र निघणार ज्याच्या रानात विहीर त्याच्या. बाकीच्यांना काय? तर म्हणे मजुरी वाढेल. वाढते, खोटं नाही, कांदा लागणीला बायका मिळत नाहीत अशी वेळ येते. पण मजुरी दुसऱ्याच्या हातातली. बोकड स्वतःचा. दवाखाना निघाला, पोराची फी निघाली, की बाजाराच्या दिवशी दावं सोडायचं आणि निघायचं. सोसायटी भूमिहीनाला दारात उभं करत नाही, त्याची बँक तीच.

दहा वर्षांपूर्वी खालच्या माळावर अशीच बंदी घातली. आमच्या आळीतल्या मावशीच्या पाच शेळ्या होत्या, एक गाभण. बंदीच्या आठवड्यात गावातली सगळीच शेरडं बाजारात गेली. व्यापाऱ्याला कळलं की यांना विकल्याशिवाय गत्यंतर नाही. मग भाव काय मिळणार? पुढं लावलेली निम्मी झाडं दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळली, शेरडांनी खाऊन नव्हे. गवत चांगलं आलं, त्याचा लिलाव झाला, आणि भारे कुणी नेले? गाईवाल्यांनी. दोन वर्षं मीच नेले. मावशी एकदा वाटेत म्हणाली, "दादा, माळ तुमच्या नावावर कधी झाला?" मी काही बोललो नाही.

इथं शेतीखात्याच्या मंडळींना पण सांगायचंय. "गवत कापून न्या, गोठ्यात घाला" हा सल्ला गाईला चालतो. शेळी मुळात पाला खाणारी. बोर, बाभूळ, हिवर, दहा झुडपांना दहा तोंडं लावत ती पोट भरते, वाळल्या मारवेलच्या भाऱ्यावर दूध देत नाही. बंदिस्त शेळीपालन करा म्हणता, दहा शेळ्या एक बोकडाची योजना दाखवता. शेड बांधता येईल एखाद्याला. पण शेवरी, दशरथ घास लावायला ओलिताची जमीन कुठून आणायची? आणि बाभळीच्या शेंगा खाऊन शेळीच्या लेंडीतून पडलेलं बी चांगलं उगवतं, हे कुठल्याही म्हाताऱ्या धनगराला विचारा. त्याच धनगराला आपण सुगीनंतर फोन करतो, मेंढरं बसवायला माझ्या रानात ये म्हणून. आपल्या रानात लेंडीखत पाहिजे, डोंगरावर तीच मेंढरं गुन्हेगार!

बिनभांडणाची चराईबंदी होते, पण तिथं आधी पाणी वाटलेलं असतं. चंदीगडजवळच्या सुखोमाजरीत १९७० च्या दशकात डोंगर खरवडून निघाला होता, सुखना तलाव गाळानं भरत होता. पी. आर. मिश्रांनी तिथं छोटे बांध घातले आणि जमीन असो नसो, प्रत्येक घराला पाण्याचा सारखा हक्क दिला. भूमिहीन आपला वाटा विकू शकत होता. मग डोंगर राखायला राखणदार लागला नाही, शेळ्या लोकांनीच कमी केल्या, म्हशी वाढवल्या. लांब कशाला, आपल्या पुरंदरात नायगावला विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत केली. पाणी माणशी, अर्ध्या एकराचं, घराला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनाचाही वाटा, आणि ऊस नाही.

माझी दुरुस्ती मी ग्रामसेवकांकडं लेखी देतोय. डोंगराचे तीन भाग करा. झाडं लावलेला भाग दोन-तीन वर्षं पूर्ण बंद, बाकीचे पावसाळ्यात बंद आणि दिवाळीनंतर आळीपाळीनं शेरडांना खुले. बांधाखाली नवा बोअर नाही, जे आहेत त्यांनी हंगामाला पाणीपट्टी भरायची. त्या पैशातून शेरडं विकावी लागणाऱ्या घरांना पहिल्या दिवसापासून भरपाई, आणि गवताचा पहिला हक्क लिलावाविना त्यांचा. माझ्या विहिरीलाही पट्टी लावा, मी भरतो. चुलता बोलायचा बंद झालाय, तो काही दिवसांनी बोलेल.

सभा मंगळवारी दहाला, शाळेत. आणि शेरडंवाल्यांना सांगतो, त्या दिवशी घरातल्या एकाला तरी शेरडांमागं पाठवा आणि बाकीचे या. मागल्या वेळी ठराव झाला तेव्हा तुम्ही सगळे माळावर होता.