चमक नको, खरा रंग विका: धंदा बोनेटखाली आहे



जुन्या गाड्यांच्या रिस्टोरेशनमध्ये उतरू का, असं बरेच जण विचारतात. माझं मत सरळ आहे. बाहेरून गाडी चकाचक करणारे पेंटर गल्लोगल्ली आहेत. बोनेटखालचा रंग कंपनीतून आला होता तसाच करून देणारे मोजकेच. तुमची जागा तिथे आहे.

बघा, बोनेटखाली शोरूमची चमक बहुतेक गाड्यांना कधी नव्हतीच. आतल्या पत्र्यावर रंग पातळ बसायचा. ब्रॅकेट कमी चमकीचे काळे, अॅल्युमिनियमचे भाग बहुधा बिनरंगाचे, बोल्ट झिंकचे. आपण काय करतो? सरसकट चकचकीत काळा मारतो आणि बोल्टना क्रोम करून आणतो. जाणकार बोनेट उघडताच ओळखतो.

एक उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या जीप विलीस आणि फोर्ड दोघांनी बनवल्या. दिसायला जवळजवळ जुळ्या बहिणी! पण विलीसचं इंजिन हिरवट, फोर्डचं राखाडी. चुकीचा डबा उघडलात, तर महिन्याभराची मेहनत पाण्यात.

"पण सर, गिऱ्हाईक चमकच मागतं." काही जण मागतात, खरंय. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. नियम रंगाची छटा तपासत नाही, पण एवढी फी भरणारा मालक मूळपणाला किंमत देतो. तुमचं खरं गिऱ्हाईक तो आहे. आणि लक्षात ठेवा, मूळ रंग एकदा घासून काढला की परत मिळत नाही. तो पुरावा गेला.

म्हणून घासकामाआधी तीन कामं करा. एक, उन्हात प्रत्येक भागाचे फोटो काढा. दोन, नंबर प्लेटच्या, ब्रॅकेटच्या, रबरी बुचांच्या मागे बघा. तिथे जुना रंग शाबूत सापडतो. तीन, वेगळ्या पत्र्यावर छटा आणि चमक जुळवून मालकाची सही घ्या. चेसिस नंबरवर जाड थर कधीच चढवू नका. या तपासणीचे पैसे वेगळे लावा. फुकट दिलंत तर तिची किंमत राहत नाही.

न्हावा शेवा-उरण पट्ट्यात दोन गोष्टींचं भान ठेवा. हवा दमट आहे. जुन्या पद्धतीचा नायट्रोसेल्युलोज ड्यूको पावसाळ्यात मारला तर पांढरट पडतो. ते काम कोरड्या दिवसांत घ्या. टू-के पेंट वापरणार असाल तर हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे. रुमाल बांधून भागत नाही. बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क हवाच, तो खर्च आधीच कोटेशनमध्ये धरा.

माणसं कुठून आणायची? कंटेनर यार्डांत गंज काढणं, प्रायमर, स्प्रे रोज करणारे हात इथेच आहेत. त्यांना बारीक नजर शिकवा. आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतू सुरू झालाय, म्हणजे मुंबईचा गाडीमालक तुमच्यापासून लांब नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीतली एक जुनी गाडी शोधा, बोनेट उघडा आणि फक्त लिहून काढा, कुठला भाग कुठल्या रंगाचा, किती चमकीचा. तुमच्या धंद्याची पहिली फाईल तीच. लागा कामाला!