जर, तर आणि नाहीतर

प्राथमिक शाळेत ‘कोडिंग’ आणि ‘रोबोटिक्स’ शिकवावे की नाही, यावर साहित्याच्या अभ्यासकांनी काही म्हणावे अशी कोणाची अपेक्षा नसते. तो विषय विज्ञानाच्या, फार तर गणिताच्या शिक्षकांचा, असे आपण धरून चालतो. मला तो मुळात भाषेचा विषय वाटतो. बीड जिल्ह्यात तर तो भाषेइतकाच हजेरीचाही आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुचवले. त्याच वर्षी शहरी मध्यमवर्गाच्या घरांत सहा वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकवण्याच्या जाहिरातींचा पाऊस पडला आणि त्यांतल्या काही जाहिराती अतिशयोक्तीमुळे मागेही घ्याव्या लागल्या. एकीकडे धोरण, दुसरीकडे बाजार. या दोहोंच्या मधे धारूर किंवा वडवणी तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा उभी आहे, आणि ती या चर्चेत सहसा नसते.

या शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते खरे, पण दसरा-दिवाळीच्या सुमारास ते दुभंगते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ हा तिथला हिशेब; मुले त्या हिशेबात नसतात, पण बैलगाडीत आणि ट्रॅक्टरवर असतात. परततात ती गाळप हंगाम संपल्यावर, उन्हे तापल्यावर. अशा वर्गात यंत्रमानवाचा संच आणला आणि त्याचे वीस पाठ एकापुढे एक लावले, तर चौथ्या-पाचव्या पाठाला निम्मी मुले फडावर असतील. उरलेल्यांतून चार-पाच ‘हुशार’ निवडले जातील, स्पर्धेला जातील, त्यांचे छायाचित्र छापून येईल. मुलांची चाळणी लावायला शाळेकडे साधने आधीच पुष्कळ आहेत. आणखी एक विकत आणण्यात काय हशील?

म्हणून हा विषय नकोच, असे मात्र मला म्हणायचे नाही. सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. तिच्यातले कासव पुढे जाई, वळे, रेघ काढी. चौकोन कसा काढायचा हे मुलाला कळेना, तर पेपर्ट सुचवीत की तूच कासव हो आणि चालून बघ. १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या त्यांच्या पुस्तकाचे नाव पुढे एका खेळण्यांच्या कंपनीने आपल्या महागड्या यंत्रमानव-संचाला दिले. गंमत अशी की पुस्तकाचा भर यंत्रापेक्षा मुलाच्या विचारावर होता. पुढे न्यूझीलंडमध्ये टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ रचले. पटांगणात खडूने चौकटी आखाव्यात, एका मुलाने यंत्रमानव व्हावे आणि दुसऱ्याने त्याला आज्ञा द्याव्यात. याला वीज लागत नाही, आणि खेळ एका बैठकीत पुरा होतो.

इथेच आपला, म्हणजे भाषा शिकवणाऱ्यांचा, संबंध येतो. संगणकाच्या आज्ञावलीला ज्या रचना लागतात त्या मराठीत केवळ आहेत असे नव्हे, ठसठशीत आहेत. इंग्रजी वाक्यात अटीनंतरचे ‘तर’ बहुधा गाळले जाते. मराठीत ‘जर’ आले की कान ‘तर’ची वाट पाहतो, आणि ‘नाहीतर’ दाराशी उभेच असते. ‘जोवर–तोवर’ ही पुनरावृत्तीची सीमा, ‘जेव्हा–तेव्हा’ ही घटनेची चाहूल. क्रमाचे तर विचारूच नये. ‘ऊस तोडून, पाचट काढून, वाढे छाटून, मोळी बांधून गाडीत टाक’ या एका वाक्यातल्या ऊन-प्रत्ययांत चार पायऱ्या आपल्या क्रमाने बसलेल्या आहेत. पूर्वकालवाचक धातुसाधिते शिकवताना आपण हे कधी सांगितले आहे काय? मी मजुरीचे उदात्तीकरण करत नाही. मुलाने फडावर असूच नये. पण तो तिथून जे घेऊन येतो ते ज्ञान शाळेत शून्य धरले जाते, ही गोष्ट मला खटकते.

अर्थात मराठी म्हणजे प्रमाण मराठीच असेही नाही. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, पारधी वस्तीवरचे आणखी वेगळे काही. परळी-अंबाजोगाईतले उर्दू माध्यमाचे मूल उजवीकडून डावीकडे लिहिते. ‘पुढची चौकट’ म्हटल्यावर त्याचे बोट कुठे जाईल? ते विचारावे, त्यावर वर्गात वाद घालू द्यावा. आज्ञा संदिग्ध होती हे मुलांना कळणे, हाच तो पाठ. शब्द अडत असतील तिथे २०१४ चे ‘स्क्रॅच ज्युनिअर’ आहे, ज्यातल्या आज्ञा चित्रखुणांच्या आहेत. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, ज्यांनी परंपरेनुसार शके १११० मध्ये वेदान्त मराठीत आणला, तिथे इंग्रजी आल्याशिवाय कोडिंग कसे येणार, ही शंका मला थोडी विनोदी वाटते.

यावरचा गंभीर आक्षेप वेगळा आहे. तिसरीच्या मुलाला धड परिच्छेद वाचता येत नसताना ही चैन कशाला? आक्षेप खरा आहे, आणि वाचनाचा तास कापून यंत्रमानवाला देणार असाल तर मी आक्षेपकांच्या बाजूने उभा राहीन. पण आज्ञा लिहिणे, ती दुसऱ्याकडून वाचून घेणे, तो चुकीच्या चौकटीत गेला की आपले वाक्य दुरुस्त करणे, हे लेखन-वाचन नाही तर काय आहे? निबंधाच्या वहीत चूक म्हणजे लाल शाईची रेघ, आणि तिथे विषय संपतो. इथे चूक सापडली की काम सुरू होते. सवंगडी अर्धवट सूचनाही समजून घेतो. यंत्र घेत नाही. एवढ्यासाठी, वर्षातून काही दिवस का होईना, खरे यंत्र मुलांच्या हाती यावे असे मला वाटते. त्याच्या हट्टीपणाला पर्याय नाही.

मग त्याची आखणी कशी असावी? प्रत्येक पाठ स्वतंत्र, त्या दिवशी सुरू होऊन त्या दिवशीच संपणारा. सोबत एक वही, जी मुलाबरोबर खोपीवरही जाईल; तिथे लिहिलेली आज्ञावली तो परत आल्यावर पटांगणात चालवून पाहता येईल. आणि खरे यंत्र आधी हंगामी वसतिगृहांत जावे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. मुले मागे राहावीत हाच तिचा हेतू. मागे राहिलेल्या मुलाला संध्याकाळी करायला काही हवे असते, आणि आई-बाप दूर असताना ते जरा चांगले असावे.

संच कोणत्या शाळांना द्यायचे याची यादी जिल्ह्याच्या ठिकाणी होईल, तेव्हा शाळांची पटसंख्या पाहिली जाईलच. ती जूनमधली पाहू नये; हजेरीपट उघडून डिसेंबरची पाहावी.