सारथ्यावांचून रथ

जुनें झालें कीं टाकून द्यावें, हें अलीकडे शहाणपणाचें लक्षण मानलें जाऊं लागलें आहे. पितळेचें फुटकें भांडें मोडींत घालण्यापूर्वीं आमच्या आया चार वेळां विचार करीत; पण चालता संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवितांना सुशिक्षित घरांत आज कोणाच्या मनास टोंचणी लागत नाहीं. विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें : "त्याचा ड्रायव्हर मिळत नाहीं." या चार शब्दांत एक मोठा अन्याय लपलेला आहे, आणि तो जणूं निसर्गनियमच आहे असें समजून आपण मुकाट्यानें सोशीत आहोंत, असें माझें म्हणणें आहे.

माझा विषय इंग्रजी वाङ्मय. यंत्रांशीं माझा संबंध फाउंटनपेनाच्या पलीकडे फारसा कधीं आला नाहीं. परंतु आमच्या महाविद्यालयानें बारा जुने संगणक मोडींत काढण्याचें ठरविलें, तेव्हां ते मीं ग्रंथालयाच्या एका रिकाम्या खोलीसाठीं मागून घेतले. वसतिगृहांतील ज्या मुलांजवळ स्वतःचें यंत्र नाहीं, त्यांनीं तेथें बसून निबंध लिहावे, ग्रंथालयाची सूची पाहावी, विद्यापीठाचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरावे, एवढाच हेतु. यंत्रें धडधाकट होतीं. जुन्या फायली पुसून त्यांच्यासोबत आलेली विंडोज ७ नव्यानें बसविली, आणि बाराही यंत्रें मुकीं झालीं! तार जोडलेली, तिच्या तोंडाशीं हिरवा दिवा लुकलुकत असलेला, आणि तरी यंत्राला बाहेरच्या जगाचा पत्ता नाहीं. डिव्हाइस मॅनेजर नांवाच्या यादींत 'इथरनेट कंट्रोलर' या शब्दांशेजारीं एक पिवळें चिन्ह तेवढें दिसे. म्हणजे पाहुणा दाराशीं उभा आहे, पण घरांतील कोणीहि त्याला ओळखीत नाहीं.

कार्ड बनविणाऱ्या कंपनीचें नांव मी येथें घेत नाहीं, कारण हा दोष एकटीचा नव्हे. तिच्या संकेतस्थळावरून त्या कार्डाचें पृष्ठच नाहींसें झालें होतें. सोबतची सीडी कोणत्या कपाटांत गडप झाली हें कपाटालाच ठाऊक. इतर अनोळखी संकेतस्थळें 'सर्व ड्रायव्हर मोफत' अशी दवंडी पिटीत होतीं; त्यांच्या नादीं लागलेल्या आमच्या कारकुनाच्या यंत्रांत जाहिरातींचा असा सुळसुळाट झाला कीं तें यंत्र दोन दिवस बंद ठेवावें लागलें. शिवाय गंमत अशी, कीं ज्या ड्रायव्हरच्या साह्यानें इंटरनेटवर जावयाचें, तो ड्रायव्हर इंटरनेटवरूनच आणावयाचा! विहिरींत उतरावयास दोर हवा, आणि दोर विहिरीच्या तळाशीं पडलेला.

ड्रायव्हर म्हणजे काय, हें माझ्यासारख्यालाहि समजेल इतकें सोपें आहे. नेटवर्क कार्डावर एक मुख्य चिप असते आणि तिच्यांत ठराविक क्रमांकांचे कप्पे असतात. कोणत्या कप्प्यांत कोणता आंकडा ठेवला म्हणजे ती माहितीचें पुडकें तारेवर सोडते, बाहेरून आलेलें पुडकें कोठें ठेवते, आणि तें आल्याची वर्दी यंत्रास कशी देते, एवढें ज्ञान ज्या लहानशा प्रोग्रॅममध्यें सांठविलेलें असतें तो ड्रायव्हर. तो यंत्राचा सारथी होय. रथ शाबूत आहे, घोडे ताजे आहेत, रथीहि युद्धास सज्ज आहे. पण सारथी काढून नेला तर तो रथ रणांगणांत नुसता उभा राहावयाचा. आणि हा सारथी रथाच्या किंमतींतच आपण विकत घेतलेला असतो, हें विसरतां कामा नये.

यावर व्यवहारी लोकांचें उत्तर असें : "काळ पुढें जातो. कंपनीनें जुन्या कार्डांचें ओझें किती वर्षें वाहावें?" प्रश्न रास्त दिसतो, पण त्यांत एक लबाडी आहे. कंपनीनें जन्मभर ओझें वाहावें असें कोणी म्हणत नाहीं. आपण होऊन तें खालीं ठेवतांना गाठोडें सोडून ठेवावें, म्हणजे दुसऱ्या कोणास उचलतां येईल, एवढेंच मागणें आहे. याचा पुरावा या विषयाच्या इतिहासांतच आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत नॉव्हेल कंपनीनें एनई२००० नांवाचें कार्ड काढलें. तें नॅशनल सेमिकंडक्टरच्या डीपी८३९० या चिपवर आधारलेलें होतें आणि त्या चिपचें माहितीपत्रक कोणासहि वाचावयास मिळत होतें. परिणाम असा झाला कीं त्या कार्डाच्या नकला अनेकांनीं काढल्या, आणि जवळजवळ प्रत्येक प्रणालीसाठीं त्याचे ड्रायव्हर लिहिले गेले. डोनाल्ड बेकर या गृहस्थांनीं १९९० नंतरच्या दशकांत लिनक्ससाठीं या कार्डाचे व इतर कितीतरी कार्डांचे ड्रायव्हर लिहिले आणि ते सर्वांस खुले केले. तें कार्ड बाजारांतून केव्हांच गेलें. पण क्यूएमू नांवाचा जो प्रोग्रॅम संगणकाच्या पोटांत दुसरा काल्पनिक संगणक उभा करतो, त्यांत त्या कार्डाची हुबेहूब नक्कल अजून चालते आहे. ज्ञान उघडें होतें म्हणून वस्तु मेल्यावरहि तिची विद्या जगली.

आतां याची दुसरी बाजू पाहा. ब्रॉडकॉम कंपनीच्या बिनतारी नेटवर्कच्या चिपा घरोघरच्या लॅपटॉपांत होत्या, पण लिनक्ससाठीं त्यांची माहिती कंपनी देईना. तेव्हां कांहीं स्वयंसेवकांनीं कंपनीचा बंद ड्रायव्हर उलगडून चिपचें वर्तन कागदावर उतरविलें, आणि कायद्याची अडचण येऊं नये म्हणून दुसऱ्याच मंडळींनीं त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. २००६ सालीं तो लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झाला. कंपनीनें आपल्या नव्या चिपांसाठीं खुला ड्रायव्हर दिला तो २०१० सालीं. मधल्या काळांत बुद्धिमान माणसांचे जे श्रम खर्ची पडले, ते कांहीं नवें निर्माण करण्यांत नव्हे. जें ज्ञान एका कपाटांत लिहून ठेवलेलेंच होतें तें पुन्हां शोधून काढण्यांत! कुलूप लावून किल्ली फेंकून द्यावी आणि मग लोकांनीं किल्ल्या घडवीत बसावें, याला प्रगति म्हणावयाचें काय?

आणि धनाची अडचण म्हणावी तर तीहि खरी नाहीं. इंटेलसारख्या गडगंज कंपनीनें २०१९ सालीं आपल्या जुन्या मदरबोर्डांचे ड्रायव्हर संकेतस्थळावरून काढून घेतले. एखाद्या फायलीस किती जागा लागते? या लेखासोबत छापलेल्या छायाचित्रास लागावी तितकी, फार तर तिच्या कांहीं पट.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मी हंसण्यावारी नेत नाहीं. विंडोज ७ ची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें जानेवारी २०२० मध्यें थांबविली. अशी प्रणाली उघड्या इंटरनेटवर मुलांच्या हातीं देणें हा निष्काळजीपणा झाला असता, आणि ड्रायव्हर मिळाला असता तर तो माझ्या हातून घडलाहि असता. त्याचप्रमाणें, चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्यें गाभ्यांत शिरणाऱ्या ड्रायव्हरवर मान्य सही असावी लागते, यालाहि कारण आहे. गाभ्यांत शिरलेला चोर सारें घर लुटतो. पण या दोन्ही गोष्टी माझ्याच बाजूच्या आहेत. धोका जुन्या प्रणालींत आहे, जुन्या कार्डांत नव्हे. कार्डाची विद्या उघडी असेल तर त्यावर आजची, दुरुस्त होत राहणारी प्रणाली बसवितां येते; ती बंद असेल तरच माणूस जुन्या प्रणालीस चिकटून राहतो किंवा अनोळखी संकेतस्थळांच्या दारांत जातो. म्हणजे दार बंद करणाराच लोकांना धोक्याच्या वाटेनें हांकतो.

आमच्या बारा यंत्रांचें काय झालें? विज्ञानशाखेच्या दुसऱ्या वर्षांतील एक विद्यार्थी खिशांत लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊन आला. "सर, एकदां यावर चालवून बघूं का?" म्हणाला. पांच मिनिटांत कार्डानें आपली ओळख सांगितली. प्रत्येक कार्डाच्या अंगीं बनविणाराचा व चिपचा असे दोन क्रमांक कोरलेले असतात. ते वाचून प्रणालीनें आपल्याजवळचा ड्रायव्हर स्वतःच उचलला. सीडी नाहीं, संकेतस्थळ नाहीं, परवानगी नाहीं. त्या चिपची माहिती कोणीतरी, कधींतरी उघडी केली होती, एवढेंच त्याचें रहस्य. हा मार्ग अमर आहे असेंहि नव्हे. डेबियन या प्रख्यात लिनक्स-वाटपानें २०२५ च्या आवृत्तीपासून बत्तीस बिटांच्या जुन्या यंत्रांवर नव्यानें बसविण्याची सोय बंद केली. पण तेथें हात थकले आहेत, विद्या लपविलेली नाहीं. ज्याला गरज असेल त्याला मूळ मजकूर उघडा आहे. थकणें आणि लपविणें यांतील अंतर सुज्ञांस सांगावयास नको.

ग्रंथांच्या बाबतींत आपल्या देशानें हें अंतर केव्हांच ओळखलें. १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक प्रकाशकास नव्या पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व इतर तीन ग्रंथालयांस द्यावी लागते. प्रकाशक बुडाला तरी पुस्तक बुडूं नये, हा त्यांतील विचार. मग जें यंत्र लाखों लोकांस विकलें, त्याचा ड्रायव्हर आणि त्याच्या चिपचें माहितीपत्रक यांची एक प्रत विक्री बंद करतेवेळीं सार्वजनिक भांडारांत ठेवण्याची सक्ति कां नसावी? २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. मेलेल्या यंत्राची विल्हेवाट उत्पादकावर सोंपविणारे ते नियम चांगलेच आहेत. डिसेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळहि उघडलें. पण अंत्यसंस्काराची व्यवस्था चोख असणें निराळें, आणि जिवंताला औषध मिळणें निराळें.

कायदा होईल तेव्हां होवो. तोंवर आपल्या हातीं कांहींच नाहीं असें नाहीं. घरीं यंत्र येईल त्या दिवशीं त्याचे ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर उतरवून पावतीसोबत जपून ठेवावे. जुन्या यंत्रावर प्रणाली पुन्हां बसविण्यापूर्वीं कार्डाचे ते दोन क्रमांक वहींत लिहून घ्यावे. आणि शाळा-महाविद्यालयांच्या खरेदीसमितीवर बसणाऱ्या वाचकांनीं दरपत्रकांत एक ओळ वाढवावी, कीं विक्री बंद झाल्यावरहि ड्रायव्हर उपलब्ध राहतील असें लेखी द्या. दहा समित्यांनीं ही ओळ लिहिली तर विक्रेता हंसेल. हजारांनीं लिहिली तर तो कंपनीला पत्र लिहील.

ग्रंथालयाच्या त्या खोलींत सध्यां संध्याकाळीं जागा मिळत नाहीं. परवां एका मुलीनें त्यांतील एका यंत्रावरून शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. तिला कार्ड म्हणजे काय, ड्रायव्हर म्हणजे काय, हें ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक असण्याचें कारणहि नव्हतें. पण तें यंत्र भंगारांत गेलें असतें, तर त्या संध्याकाळीं ती कोठें गेली असती, याचें उत्तर "त्याचा ड्रायव्हर मिळत नाहीं" म्हणणारांनीं मला द्यावें.